सूर्याचं तुफान आणि दीड हात जमीन

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुमचा मिक्सर सूर्यानं जाळलेला नाही. तुमच्या मुलीचा गणिताचा पेपर, तुमच्या नवऱ्याचं डोकं, भिसेगावातली पाण्याची मोटर आणि परवा स्टेशनजवळ बंद पडलेलं एटीएम, यांतलं काहीही सूर्यावरच्या वादळानं बिघडलेलं नाही. हे मी गेली काही वर्षं भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना आणि एकदा तर मयताला गेले असतानाही सांगत आले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘कामातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर वाटलं, चला, एकदाच छापून टाकू, म्हणजे पुन्हा तोंड वाजवायला नको.

मी जमीन मोजते. सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून उभा जन्म गेला आणि आता निवृत्तीनंतर खाजगी कामं घेते. कर्जत-खालापूरकडे फार्महाउसची साथ आल्यापासून कामाला तोटा नाही. ज्या माळावर पूर्वी गुरंसुद्धा नाइलाजानं चरायची, तिथली जागा आता लोकांना बोटाबोटाच्या हिशेबानं हवी असते. लोक मला मोजणीताई म्हणतात. माझं खरं नाव फक्त बँकेला आणि गॅसवाल्याला माहीत आहे.

नोकरीला लागले तेव्हा लोखंडी साखळी ओढून मोजायचो. मग टेप आली, मग तिकाटण्यावरची यंत्रं आली आणि आता रोव्हर आहे. रोव्हर म्हणजे एक उंच काठी आणि तिच्या डोक्यावर पांढरी टोपी. ही टोपी वीस हजार किलोमीटर वरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकते आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते काढते. सगळं सुरळीत असलं की पडद्यावर ‘फिक्स’ असं येतं. मग जागा बोटभर इकडे-तिकडे होत नाही. नसलं की ‘फ्लोट’ येतं, म्हणजे यंत्र अंदाजपंचे बोलतंय. आणि कधी कधी, हे सगळ्यांत वाईट, ते फिक्स म्हणतं आणि धडधडीत खोटं बोलतं.

आता सूर्य यात कुठे आला, ते ऐका. आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरच्या वर हवा अगदी विरळ असते आणि उन्हानं तिच्यात वीज भरलेली असते. उपग्रहाचा संदेश खाली येताना त्या थरातून येतो आणि त्याला थोडा उशीर होतो. रोजचा उशीर यंत्राला ठाऊक असतो, ते तेवढा वजा करतं. पण सूर्यावर डाग वाढतात, स्फोट होतात, तिथून विजेनं भारलेले कण सुटतात आणि एक-दोन दिवसांत आपल्यापर्यंत येऊन पोचतात. मग वरचा तो थर खवळतो, कुठे दाट, कुठे विरळ होतो आणि यंत्राचा हिशेब चुकतो. साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात सूर्याचं हे अंगात येणं वाढतं आणि ओसरतं, आणि सध्याची वर्षं वाढीची आहेत. उत्तरेकडच्या थंड देशांत अशा वेळी आकाश हिरवं-लाल होतं, लोक पांघरुणं घेऊन फोटो काढायला जातात. आपला पट्टा असा अभागी, की इथे वरचा थर मुळातच जाड, दुपारनंतर तर विचारूच नका, आणि दिसायला मात्र काहीच नाही. त्यांच्या वाट्याला रंग आणि आमच्या वाट्याला फ्लोट.

म्हणून आमची एक कामाची रीत आहे. काम सुरू करताना न हलणाऱ्या एका खुणेवर काठी धरायची आणि मधूनमधून परत त्याच खुणेवर यायचं. आकडे जुळले तर पुढे जायचं. आमच्याकडे ही खूण बहुतेक वेळा माळावरच्या कातळात कोरलेली असते, म्हणून मी आणि माझा मदतनीस दत्ता याला ‘कातळाला विचारणं’ म्हणतो. दत्ता मोहोपाड्याचा. रसायनाच्या कारखान्यात होता, खोकला लागला म्हणून सोडून माझ्याकडे आला. काठी धरावी तर त्यानं.

सगळा घोळ सुरू झाला खालापूरकडच्या एका बांधावर. दोन भावांची मोजणी होती. यंत्र काही केल्या फिक्स होईना, तेव्हा थोरल्यानं विचारलं, “ताई, काय झालं वो याला?” जांभळाखाली सावली बरी होती, हातात चहा होता. मी त्याला सूर्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं अतिशय आदरानं ऐकलं. आणि आठवड्याभरात अख्ख्या तालुक्यात झालं की मोजणीताई म्हणते, सूर्यावर तुफान आलं की जमीन हलते.

जमीन हलते असं मी कधीही म्हटलेलं नाही!

पण ऐकतो कोण? भिसेगावातल्या माझ्या शेजारणीनं गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या आधी मला विचारायला सुरुवात केली. “आज ऊन चांगलं आहे की तुमचं ते तुफानाचं?” मी सांगितलं, अहो, ते कण वरच अडतात, कुरडईपर्यंत येत नाहीत. तिला वाटलं मी तिचं मन राखायला बोलतेय. तिनं कुरडया दोन दिवस घरातच झाकून ठेवल्या, त्यांना बुरशी आली आणि अजून ती माझ्याशी धड बोलत नाही. कर्जतचे एक गुरुजी, प्लॉटच्या पूजेचे मुहूर्त काढून देतात, त्यांनी फोन करून विचारलं, “ताई, तुमच्या त्या वादळांचं पंचांग कुठं मिळतं?” मी रागाच्या भरात त्यांना अंदाज सांगणाऱ्या वेबसाइटचा पत्ता दिला. आता ते मोजणीचेही मुहूर्त काढतात, आणि सांगायला लाज वाटते, बरे काढतात.

कळस केला मोहोपाड्याच्या एका साहेबांनी. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चांगले शिकलेले. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद होता, मोजणी त्यांच्या विरुद्ध गेली. सुनावणीला ते इंटरनेटवरून छापून आणलेली कागदांची चळत घेऊन उभे राहिले. त्या दिवशी सौर वादळ होतं, सबब मोजणी रद्द करा. साक्षीला मला बोलावलं होतं. मी म्हटलं, “साहेब, त्या दिवशी सूर्य शांत होता.” ते म्हणाले, “तुम्ही कसं सांगता?” मी म्हटलं, “आणि नसता तरी चाललं असतं. तुमच्याकडे झाडी आहे म्हणून आम्ही टेपनं मोजलं. टेप सूर्याला विचारत नाही.” सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “पण उन्हानं टेप वाढते की नाही?” अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं!

त्यानंतर हरलेला प्रत्येक माणूस तेच सांगू लागला. बांध कोरला, सूर्य. कुंपण सरकलं, सूर्य. शेवटी असं झालं की सूर्याचं नाव काढलं की लोक एकमेकांना डोळा मारायचे. म्हटलं, असू दे, आपलं काय जातं? काय जातं ते सोमीच्या घरी कळलं.

सोमी ठाकर समाजातली. भिवपुरीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी आहे, तिच्या टोकाला तिचं घर. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. घर तिच्या स्वतःच्या जागेत, सासऱ्याकडून आलेल्या. घराच्या मागची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचा लेप, आणि त्या कुडाला लागून आतल्या बाजूला चूल. त्या भिंतीपलीकडची जागा ठाण्याच्या सबनीस नावाच्या गृहस्थांनी घेतली होती. मध्यमवयीन, कॉम्प्युटरच्या नोकरीतला, बोलायला गोड माणूस. त्यांना कंपाउंड घालायचं होतं. सरकारी मोजणी पूर्वीच झालेली होती, पण हद्दीचे दगड कोणी तरी उपटून चुलाण्याला लावले होते, म्हणून त्याच खुणा परत जागेवर दाखवून द्यायला मला बोलावलं होतं.

होळी होऊन गेली होती. सकाळी कातळाला विचारून काम सुरू केलं, सगळं जुळलं. दुपारी जेवून परत लागलो तेव्हा सोमीच्या घराकडची बाजू राहिली होती. सबनीसांचा सुपरवायझर रमाकांत रेघ आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन आमच्या मागेच होता. मी त्याला बजावलं होतं की मी कातळाकडे जाऊन येईपर्यंत फक्की टाकायची नाही. खुंट्या नुसत्या खोचल्या होत्या, ‘कच्च्या आहेत’ असं सांगून. आम्ही कातळावर काठी धरली आणि दत्ता म्हणाला, “ताई, कातळ सरकला.”

यंत्र फिक्स दाखवत होतं आणि कातळ तीन हात बाजूला दाखवत होतं. मोबाइल उघडून पाहिलं, सूर्याचं खरोखरच तुफान चालू होतं. इतक्या वेळा खोटं नाव घेतलं गेलेलं, आज खरं आलं होतं. आम्ही परत खाली आलो, तोवर रमाकांतनं खुंटीपासून खुंटीपर्यंत पांढरी रेघ ओढून टाकली होती. ती रेघ सोमीच्या मागच्या कुडाशी येऊन थांबत होती आणि कुडाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर निघत होती. म्हणजे कुड, चूल आणि तिच्यावरचं भाताचं भांडं सबनीसांच्या जागेत. रेघेच्या तोंडाशी पाया खणायला आणलेला जेसीबी उभा होता. सोमी दारात उभी राहून बघत होती.

मी म्हटलं, “ही रेघ पुसा. चुकीची आहे. सूर्यावर वादळ आहे.”

रमाकांत हसला. “ताई, ह्या सूर्याचं आता लई झालं हां. मोहोपाड्याच्या सायबांनी पन ह्येच केलंतं.”

मी त्याला काय बोलले ते संपादक छापणार नाहीत. सबनीसांना मी हाताला धरून कातळावर नेलं, काठी धरायला लावली, सकाळचे आकडे आणि आत्ताचे आकडे शेजारी शेजारी दाखवले. “हा दगड डोंगराचा आहे. हा हलला असेल तर तुमचा प्लॉटही हलला, माझं भिसेगावही हललं.” माणूस समजूतदार निघाला. म्हणाला, “ठीक आहे ताई, उद्या सकाळी परत मोजा. तोवर कोणी काही करायचं नाही. मशीन इथेच राहू दे.”

मी स्वतः सोमीकडे गेले. तिला सांगितलं, “ही रेघ खोटी आहे. उद्या सकाळी मी परत मोजते. तुझ्या भिंतीला काही होणार नाही.” ती म्हणाली, “हो बाई.” मी परत सांगितलं. ती परत म्हणाली, “हो बाई.” कधी नव्हे ते सगळं जिथल्या तिथे झालं, असं मानून मी घरी गेले.

सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही माळावर होतो. कातळ आपल्या जागेवर परत आला होता, केसभरही फरक नाही. एकेक खुंटी नव्यानं ठोकत आम्ही उताराकडे निघालो आणि रेघ छान बाहेरून यायला लागली. हिशेबानं सोमीच्या कुडापासून दीड हात पलीकडे. दत्ता खुशीत येऊन ओरडला, “सोमे, निघ गं भायेर! वाचली तुजी भिंत!”

मग आम्ही चढ उतरलो आणि घर दिसलं. मागची भिंतच नव्हती.

कारवीच्या काठ्या सोडवून, झाडून, जाडीप्रमाणे वेगळ्या करून, मोळ्या बांधून आंब्याला टेकवलेल्या. वरच्या ओळींची कौलं उतरवून एकावर एक रचलेली, एक फुटलेलं नाही. लेपाची माती एका बाजूला ढीग करून ठेवलेली. अंगणात तीन दगड मांडून सोमी भात शिजवत होती. भिंत नसल्यानं घराच्या आतलं सगळं, तिची गोधडी, पत्र्याची पेटी, खुंटीवरचं लुगडं, उघड्यावर दिसत होतं.

दत्ता म्हणाला, “ह्ये काय केलंस गं?”

“मशीन लागली म्हंजे कारवीचा चुरा हुतो रं,” ती म्हणाली. “कौलं पन फुटतात. आपन सोडवली तर समदी शाबूत ऱ्हातात.”

मी ओरडलेच. “अगं, पण काल मी तुला दोनदा सांगितलं ना, मोजणी चुकली आहे म्हणून?”

“सांगितलंत ना.”

“मग?”

“मागं रस्ता झाला तवा पन सायेब असंच बोलले, उद्या परत बगू. उद्याला मशीनच आली.” ती भात ढवळत होती. “आनि बाई, तुमची मोजनी चुकते तर दर टायमाला आमच्याच घरात कशी शिरते? येकदा तरी त्या बंगल्यात शिरू दे ना.”

याला माझ्याकडे उत्तर होतं. शास्त्रानुसार चूक कुठल्याही बाजूला होऊ शकते, सूर्याला ठाकर आणि ठाणेकर असा भेद नाही. सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. चूक हवी तिकडे जाते, हे खरंच. पण रेघ सबनीसांच्या जागेत शिरली असती तर रमाकांतनं फक्की टाकली असती का? तो स्वतःच म्हणाला असता, ताई, कातळाला विचारून या. फक्की टाकायची घाई फक्त या बाजूला होते. मला इतका राग आला की काठी जमिनीवर आपटली, दत्तानं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली. त्या यंत्रावर राग नव्हता, पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यावर तर नाहीच नाही. आणि सोमीवरही काढता येत नव्हता, कारण तिनं आजवर जे पाहिलं त्यावरून ती शहाणपणानंच वागली होती.

सबनीस आले. उघडं घर पाहून त्यांचा चेहरा पडला. मनापासून म्हणाले, “मावशी, मी विटांची पक्की भिंत बांधून देतो. गवंडी आजच लावतो.”

सोमीनं मान हलवली. “नको दादा. विटांची भित मला सोडवता येनार नाय.”

संध्याकाळपर्यंत तिनं वाडीतल्या दोन बायका हाताशी घेऊन कुड परत उभा केला. दत्ताही लागला. मी खुंट्या पक्क्या करून परत आले आणि पाहिलं तर कुड जुन्या जागी नव्हता. तिनं तो दीड हात आत, कालच्या खोट्या रेघेवर घेतला होता. चूल आता दाराजवळ सरकली होती आणि घर इतकं अरुंद झालं होतं की वाकून फुंकणी मारताना तिची पाठ भिंतीला लागत होती.

“सोमे, ही जागा तुझी आहे! आजच्या मोजणीनं सिद्ध झालंय. भिंतीच्या पलीकडे अजून दीड हात तुझी, त्या मागे आणखी दीड हात तुझी!”

“म्हायती हाय वो,” ती म्हणाली. “पन परत तुफान आलं तर?”

सबनीसांचं कंपाउंड आता खऱ्या रेघेवर उभं आहे, बोटभर इकडे-तिकडे नाही. माणूस शब्दाला जागला. कंपाउंड आणि कुड यांच्या मध्ये सोमीची जागा मोकळी पडली आहे. तिच्यात तिनं साधी मिरचीसुद्धा लावलेली नाही, कोंबड्या तेवढ्या फिरतात.

त्या बाजूला काम निघालं की मी तिच्याकडे जाते. काठी त्या मोकळ्या जागेत उभी करते आणि यंत्र दर वेळी न चुकता सांगतं की ही जागा सोमीची. मी तिला पडदा दाखवते आणि म्हणते, बाई गं, भिंत घे मागे, नीट बसून स्वयंपाक कर. ती काळा चहा आणून देते आणि दर वेळी एकच विचारते.

“बाई, सूर्य आता कायमचा शांत झाला काय?”

अख्ख्या तालुक्याला मी ओरडून सांगत आले की तुमच्या कशालाही सूर्य जबाबदार नाही. पण सोमीला खोटं सांगता येत नाही.

“नाही गं,” मी म्हणते. “परत येणार.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणते, आणि पाठ भिंतीला टेकवून चुलीत लाकूड सारते.